सोनकुसरे गुरुजींची कच्ची वही

शिरगणतीचे कागद घेऊन दारात उभे राहिले की सोनकुसरे गुरुजी "घरात माणसं किती?" असं कधी विचारत नसत. तो प्रश्न कागदावर छापलेला असे, आणि छापील प्रश्नाला लोक छापील उत्तर देतात असं त्यांचं मत होतं. ते विचारत, "सांजच्याले जेवाले ताटं किती लागते?"

मग घरातली बाई मनातल्या मनात ताटं मांडायची. सासऱ्याचं, दिराचं, मुलांचं, आणि शेवटी थोडं अडखळून स्वतःचं. त्या हिशेबातून सगळी माणसं बाहेर येत. दारामागे बसलेली आंधळी आत्या येई, माहेरी परत आलेली नणंद येई. गुरुजी लिहीत जात आणि शेवटी म्हणत, "बरं."

आता पुन्हा शिरगणती जवळ आली आहे. शाळेत नावं मागवली तेव्हा तब्येतीचं कारण सांगून मी माझं नाव काढून घेतलं. माझी तब्येत चांगली आहे. कारण दुसरं आहे, आणि ते लिहायचं तर गुरुजींबद्दल लिहावं लागेल. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्यांच्याबद्दल आजवर कुठे काही लिहिलं नाही, बोललोही नाही.

नागपूरच्या पूर्वेला, इतवारीच्या पलीकडे, विणकरांच्या वस्तीत आमची शाळा होती. मी तिथे लागलो तो १९६९ साली. धंतोलीत भाड्याच्या खोलीत राहायचो आणि सायकलने यायचो. शाळेच्या मागच्या गल्लीत घरोघरी माग होते. पहिला आठवडाभर त्यांच्या खटखटीत मला मुलांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पुढे अशी सवय झाली की दुपारी माग थांबले की वर्गात काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक बुटके, पांढरी टोपी घातलेले गृहस्थ माझ्याजवळ आले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. नाव विचारण्याआधी त्यांनी माझ्या शर्टाची बाही चिमटीत धरली, अंगठ्याने चोळली.

"मिलचं आहे," ते म्हणाले. "चांगलं आहे, पण कोपरावर विरन. नाव काय गा तुझं?"

"काळे."

"कुठं राहतं?"

"धंतोलीला."

"मंग तर विरलं तरी चालते. धंतोलीत शिंपी लय."

हेच सोनकुसरे गुरुजी. त्यांचे वडील विणकर, उमरेडचे. गुरुजी स्वतः सोळाव्या वर्षापर्यंत मागावर बसलेले. त्यामुळे एक खांदा किंचित खाली गेलेला होता आणि चालताना ते नेहमी कुणाचं तरी ऐकायला वाकल्यासारखे दिसत. वडिलांचा माग घरात पुढच्याच खोलीत होता. तो बंद होता, पण मोडला नव्हता. गुरुजी रोज सकाळी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत आणि समोरच्या लाकडी तुरीवर, म्हणजे विणलेलं कापड गुंडाळायच्या दांडीवर, वर्तमानपत्र पसरून वाचत. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणायची, ती म्हणे, "बाप कापड काढे, हे बातम्या काढते. नेसाले दोन्हीतून मलेच काही भेटत नाही."

ते इतिहास शिकवत, पण उलटा. आजच्या दिवसापासून सुरू करून मागे जायचं. नळाला पाणी किती वाजता आलं, नळ नव्हता तेव्हा पाणी कुठून यायचं, विहीर कोणाची होती, त्या विहिरीवर कोण यायचं नाही, काहून यायचं नाही. असं करत करत ते मुलांना दोनशे वर्षं मागे नेत, आणि मुलांना आपण इतिहासात आलो हे कळतही नसे.

एकदा त्यांनी पोरांना घरी विचारून यायला सांगितलं, की इंग्रज गेले त्या दिवशी आपल्या घरी काय शिजलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी उत्तरं फळ्यावर लिहून काढली. अंबाडीची भाजी. भाकर आणि ठेचा. आठवत नाही. आठवत नाही. गोड शिरा, पण तो मामा आले म्हणून. काहीच नाही. नेमके त्याच दिवशी तपासणीसाहेब आले. फळा पाहून त्यांनी विचारलं, "हा कोणता धडा?"

"पंधरा ऑगस्टचा आहे साहेब."

"पुस्तकात तर असा नाही."

"पुस्तकात यायचा आहे अजून," गुरुजी म्हणाले. "तोपर्यंत फळ्यावर ठेवला."

साहेब हसले नाहीत. गुरुजीही हसले नाहीत. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं, त्याला गुरुजींनी नंतर पाढे म्हणायला लावले.

१९७१ च्या शिरगणतीत आम्हा दोघांना ती गल्ली मिळाली. मार्च महिना होता. ऊन चढायच्या आत आणि उतरल्यावर आम्ही घरं घ्यायचो. ठरलेली पद्धत अशी, की गुरुजी विचारत आणि पेन्सिलीने एका कच्च्या वहीत लिहीत. माझं अक्षर चांगलं म्हणून छापील कागद शाईने मी भरायचो.

खरी अडचण नावांची होती. नवरा घरी नसला की बाई त्याचं नाव घेत नसे, आणि नवरे बहुतेक सुताच्या कामाला इतवारीत गेलेले असत. गुरुजींकडे त्यावर उपाय होते.

"कोणत्या देवाचं नाव आहे वं बाई?"

बाई पदराआडून म्हणे, "चतुर्थीचा."

"गणपत?"

मान हले.

एकीच्या दारात पोपटाचा पिंजरा होता. नाव विचारताच तिने नुसतं पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. मी गोंधळलो. गुरुजींनी सरळ लिहिलं, 'हिरामण.' बाहेर आल्यावर मला म्हणाले, "धंतोलीच्या बाया सांगते का गा नवऱ्याचं नाव?"

"आता सांगतात."

"बरं. मंग तुमचं काम लवकर आटपत असन."

ज्या घरी काहीच उलगडा होत नसे तिथे ते वहीत बाईचंच नाव घालून पुढे जात आणि नंतर परत येऊन खरं नाव विचारत. तशीच एक नोंद होती: 'शेवंताचे घरवाले.' शेवंता दारात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. कितीही विचारलं तरी ती नुसती हसत होती. संध्याकाळी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा नवरा घरी होता. नामदेव. उंच, हडकुळा, बोलायला मोकळा.

"पोरंसोरं किती नामदेव?"

"दोन आहे गुरुजी. दोघंबी पोट्टे."

"ताटं किती लागते?"

"पाच."

गुरुजींनी पेन्सिल थांबवली. "तू, बाई, दोन पोट्टे. चार झाले. पाचवं कोणाचं गा?"

"ते तर पोट्टीचं," नामदेव म्हणाला, जसं काही गुरुजींनी नको ते विचारलं होतं.

खांबाआडून तीन वर्षांची मुलगी बघत होती. गुरुजी खाली बसले, तिला तिचं नाव विचारलं आणि तिच्यासमोर ते लिहिलं. कुसुम. मग नामदेवला म्हणाले, "ही नसती लिहिली तर देशात एक कमी झाली असती."

"एका पोट्टीनं देशाचं का होते गुरुजी?"

"सगळे बाप असंच म्हणाले तर मंग?"

प्रत्येक दारातून निघताना ते न चुकता एक वाक्य बोलत. "बाई, हे नाव कुठं जात नाही. सरकारात फक्त आकडा जाते. नाव माझ्यापाशी राहते." पहिल्या दोन दिवसांत मला ते पाठ झालं होतं. एकदा मी म्हणालो, "गुरुजी, हे प्रत्येक वेळी सांगायची काय गरज आहे? लोक तर सांगतातच आहेत."

ते एका ओट्यावर टेकले. टोपी काढून कपाळ पुसलं.

"माझा बाप इंग्रजाच्या काळात खानेसुमारीवाला आला का मागाच्या खड्ड्यात लपे."

"काहून?" मीही तोवर त्यांच्यासारखं बोलायला लागलो होतो.

"त्याले वाटे, मोजलं का नेते. कुठं नेते, ते त्यालेबी मालूम नव्हतं. लढाईवर म्हणे, चहाच्या मळ्यात म्हणे. माय दारात उभी राहून सांगे, घरात कोणी नाही. आता पाह्य. आपण आलो का बाई बसाले पाट टाकते. आपल्या गल्लीत स्वातंत्र्य आलं म्हणजे एवढंच आलं, काळे. मोजणीवाला आला तर दार उघडते. बाकी नळ येईन, लाईट येईन, नाही येईन."

काम संपलं. कागद वर गेले. गुरुजींनी ती कच्ची वही माझ्या हातात दिली. "तुह्या घरी बंब आहे ना? आजच जाळजो. ठेवाची नाही."

मी ती घरी नेली. जाळायच्या आधी म्हणून उघडली आणि रात्रीच्या जेवणापर्यंत वाचत बसलो. त्या वहीत छापील कागदात न मावणारं सगळं होतं. एका म्हातारीच्या वयाच्या जागी लिहिलं होतं, 'मोठ्या पुरात नवरी होती.' एका घरासमोर, 'मुलगा कलकत्त्याला गेला, पत्र नाही, ताट रोज मांडते.' मला पुस्तकांचा नाद. वाटलं, अशी वही पुन्हा मिळणार नाही, कधीतरी आपण यावर लिहू. मी ती पुस्तकांच्या मागे ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं नाही. मी वही जाळली असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी, १९७६ च्या पावसाळ्यात, हेडमास्तरांनी सगळ्यांना बोलावलं. वरून हुकूम आला होता. ज्यांना तीन किंवा जास्त मुलं आहेत अशी माणसं नसबंदीच्या शिबिराला आणायची. प्रत्येक शिक्षकाने आणायची. नाही आणली तर पगार अडेल, आणि पुढे नोकरीचंही सांगता येत नाही. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. कागद वाचून त्यांनी तो टेबलावर उलटा ठेवला.

गुरुजी उभे राहिले. "सर, मी इतिहास शिकवतो. माणसं आणाचं काम माझ्याच्यानं होणार नाही. पगार अडवा."

त्यांचा पगार अडला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरून मागाचा आवाज येऊ लागला. इतक्या वर्षांनी ते बापाच्या मागावर बसले होते. सकाळी शाळा, संध्याकाळी माग. शिक्षकांच्या खोलीत ते बोटं चोळत म्हणाले, "हात विसरत नाही गा. पाय विसरते."

माझी बायको सहा महिन्यांची गरोदर होती. मी दोन आठवडे फिरलो आणि एकही माणूस आणू शकलो नाही. कुणाच्या दारात जाऊन ते बोलायचं कसं, हेच मला जमेना. मग हेडमास्तरांनी मला एकट्याला बोलावलं.

"काळे, तुमचा आकडा शून्य आहे. मी काय लिहू?"

समोरच्या कागदावर माझ्या नावापुढे शून्यच होतं.

"त्या मागच्या गल्लीची शिरगणती तुम्ही केली होती ना? कुणाला किती मुलं, थोडंफार आठवत असेल."

त्यांनी वहीचं विचारलं नव्हतं. वही आहे हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मी आपणहून म्हणालो, "सर, आठवायची गरज नाही. वही आहे."

हे वाक्य मी पुढे पुष्कळदा मनात फिरवून पाहिलं. भीतीने बोललो हे खरं. पण म्हणताना मला थोडं हायसं वाटलं होतं, परीक्षेत एखादं उत्तर अचानक आठवावं तसं. दुसऱ्या दिवशी मी वही नेऊन दिली. शून्याबद्दल मला पुन्हा कुणी विचारलं नाही. माझा पगार एक दिवसही थांबला नाही.

आठवड्याभरात एके सकाळी गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी राहिली. यादी हातात घेऊन एक माणूस नावं वाचू लागला. आमच्या वर्गाच्या खिडकीतून ते स्पष्ट ऐकू येत होतं. गणपत, हिरामण, आणखी दोन-तीन नावं. आणि मग त्याने, त्याच सुरात, वाचलं, "शेवंताचे घरवाले."

खरं नाव छापील कागदावर गेलं होतं, वहीत जुनी नोंदच राहिली होती, आणि ज्याने यादी उतरवली त्याने ती जशीच्या तशी उतरवली होती. चौकात लोक हसले. हसणं ऐकू आलं तसं थांबलेलंही ऐकू आलं. असं कोण लिहितो हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. तिच्यासमोरच ते लिहिलं गेलं होतं.

नामदेव म्हणत होता, "मले एकच आहे साहेब. एक पोट्टी आहे."

"कागदावर तीन आहे."

कागदावर तीन होती ती पाच वर्षांपूर्वीची. दोन वर्षांआधीच्या पावसाळ्यात त्याची दोन्ही मुलं हगवण-उलटीने चार दिवसांच्या अंतराने गेली होती. मलाही ते माहीत होतं. मोठा पाचवीत माझ्या वर्गात होता. वही देताना मला त्याची आठवण झाली नाही. आणि त्या वहीत तीन हा आकडाही नामदेवने सांगितलेला नव्हता. त्याने दोनच सांगितली होती. तिसरी कुसुम, गुरुजींनी पाचव्या ताटावरून शोधून काढलेली. दोनवरच वही थांबली असती तर नामदेव यादीत आलाच नसता.

त्याला गाडीत बसवून नेलं. त्या दिवशी त्या गल्लीतून अकरा माणसं नेली. इतर घरांत पुढे काय झालं ते मला माहीत नाही. नामदेवच्या घरी पुन्हा मूल झालं नाही, एवढं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गुरुजींनी डबा उघडला. पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. खोलीत आम्ही दोघेच होतो.

"काळे," ते म्हणाले, "ती वही जाळली होती ना गा?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"बरं," ते म्हणाले. "मंग माझ्याच्यानंच कुठं राहून गेलं असन काही."

आणि ते जेवू लागले.

त्या संध्याकाळपासून ते गल्लीत घरोघर गेले. हे मला काकूंकडून कळलं, पुष्कळ नंतर. प्रत्येक दारात त्यांनी एवढंच सांगितलं, "वही माझी होती." कशी गेली, कोणी दिली, काही नाही. काही दारं उघडली, काही उघडली नाहीत. एका घरातून त्यांच्या पायांवर पाणी फेकलं. नामदेवच्या ओट्यावर ते रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत बसून होते. नामदेव बाहेर आला नाही. शेवंता एकदा दाराशी आली आणि त्यांच्याकडे न बघता आत गेली.

त्याच महिन्यात पोळा आला. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा वाहून नेणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, निघते, आणि तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडगे. गवत, कागद, जुन्या कपड्यांचे पुतळे. ज्याचा लोकांना राग त्याचा बडगा करायचा आणि वस्तीबाहेर नेऊन जाळायचा. त्या वर्षी मोठ्या लोकांचे बडगे करायची कुणाची छाती नव्हती. मागच्या गल्लीने एक लहानसा बडगा केला होता. बुटका. डोक्यावर पांढरी टोपी, डोळ्यांवर तारेचा चष्मा, त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. काखेत वही.

मी चौकात गर्दीत उभा होतो. पोरं ओरडत होती, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आणि दर ओरडण्याला बडग्याच्या टोपीवर काठी मारत होती. त्यातले निम्मे त्यांचे विद्यार्थी होते. मिरवणूक गुरुजींच्या घरावरून गेली. ते ओट्यावर उभे होते, नेहमीच्या टोपीत, हात मागे बांधून. बडगा समोर आला तेव्हा पोरांचा आवाज जरा कमी झाला. गुरुजींनी चष्मा वर सरकवून नीट पाहिलं.

"खांदा बरोबर उतरवला गा," ते म्हणाले. "कोणी केला? हात चांगला आहे त्याचा."

पोरांच्या काठ्या खाली आल्या. मग मागून कोणीतरी पुन्हा ओरडलं आणि मिरवणूक पुढे गेली. काकू आतून रडत होत्या ते मला रस्त्यावर ऐकू येत होतं. गर्दीतून पुढे होऊन दोन वाक्यं बोलायला मला तेव्हा पाच पावलं चालावी लागली असती. मी गर्दीबरोबर पुढे गेलो. नदीकाठी तो बडगा जळेपर्यंत थांबलोसुद्धा.

पुढच्या वर्षी सरकार बदललं. हेडमास्तरांनी एक दिवस मला ती वही कागदात गुंडाळून परत दिली. "ही तुमची," म्हणाले. आत नावांसमोर लाल पेन्सिलीने खुणा होत्या. तेव्हाही मी ती जाळली नाही. तोवर जाळण्यात काही अर्थ उरला नव्हता.

गुरुजी १९७९ मध्ये निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांचं मानपत्र मी लिहिलं आणि मीच वाचलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि भाषाही बरी. मानपत्रात मी 'गल्लीचा विश्वास' असे शब्द घातले होते. वाचताना ते शब्द मी गाळले. ऐकणाऱ्यांना कळलं नाही. मानपत्र पुढे त्यांच्या घरी भिंतीवर होतं, तिथे ते शब्द होते.

१९८१ च्या फेब्रुवारीत शिरगणती आली आणि अनुभव आहे म्हणून मला तीच गल्ली दिली. पहिल्या दिवशी मी सोळा दारं ठोठावली. नऊ उघडली नाहीत. जी उघडली तिथे बाया दार अर्धं धरून बोलत होत्या.

"घरात कोणी नाही."

"मुलं?"

"एकच आहे."

आतून तीन-चार मुलांचे आवाज येत होते. मी एक लिहिलं.

तिसऱ्या दिवशी मी गुरुजींकडे गेलो. ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून वर्तमानपत्र वाचत होते. बारीक झाले होते, आणि खोकत होते. माझ्या पिशवीत शिरगणतीचे कागद होते आणि त्यांच्या खाली ती जुनी वही. त्या दिवशी मी ठरवूनच आलो होतो. वही त्यांच्या हातात द्यायची आणि पाच वर्षांपूर्वीच्या त्या 'हो'बद्दल सांगायचं.

पण मी म्हणालो, "गुरुजी, दारं उघडत नाहीत."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी केली, टोपी घातली. "चाल."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ते माझ्यासोबत फिरले. दारासमोर उभे राहून म्हणत, "मी आहो, सोनकुसरे. शिव्या द्याच्या असन तर मले द्या. याले नावं सांगा." एक म्हातारी म्हणाली, "गुरुजी, तुमी अजून फिरूनच राहिले? लाज नाही वाटत?" ते म्हणाले, "वाटते ना वं. म्हणून तर आलो. ताटं किती?" तिने उरलेलं दार उघडलं आणि ती सांगू लागली. सगळ्यांनी सांगितलं असं नाही. पण दारं उघडली. मात्र ते जुनं वाक्य, नाव कुठं जात नाही म्हणून, ते त्यांनी एकाही दारात उच्चारलं नाही.

नामदेवच्या घरी कुसुमने दार उघडलं. तेरा वर्षांची, दोन वेण्या. आत नामदेव पाठ करून बसला होता. शेवंता दिसली नाही.

"ताटं किती वं बाई?" गुरुजींनी विचारलं.

"तीन."

तिने तिघांची नावं सांगितली. बापाचं, आईचं, स्वतःचं. गुरुजी माझ्या कागदाकडे पाहत होते. मी लिहिलं. निघता निघता आतून नामदेवचा आवाज आला, "गुरुजीले पाणी दे." ती तांब्या घेऊन आली. गुरुजी तिथेच उभ्याने पाणी प्यायले, पुरं प्यायले, आणि तांब्या तिच्या हातात दिला. माझ्यासाठी तिने पाणी आणलं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

शेवटचं घर त्यांचंच होतं. दुपार झाली होती. मुलगा भिलाईला, मुलगी भिवापूरला दिलेली. मी कागद काढला.

"गुरुजी, ताटं किती?"

ते हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "लिही, दोन."

मी दोन लिहिलं. तेवढ्यात काकूंनी तीन ताटं मांडली. भाकरी, पातळ पिठलं, भिवापुरी मिरचीचा ठेचा.

"मोजणीत दोनच ठेवजो," गुरुजी म्हणाले. "तिसरं पाहुण्याचं आहे. बस."

पिशवी माझ्या मांडीवर होती. कागद काढल्यामुळे वहीचा कोपरा वर आला होता, आणि त्यांनी तो पाहिला. ती वही त्यांनी स्वतः शिवलेली होती, मागावरच्या जाड सुताने. दुरून ओळखू यावी अशी. त्यांनी भाकरी मोडली नाही. वाट बघत राहिले. काकू ताटांजवळ पाणी ठेवून आत गेल्या, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं की मी काहीतरी बोलणार आहे.

मी उभा राहिलो. "येतो गुरुजी. अजून काही घरं राहिलीत."

घरं राहिली नव्हती. ते माझ्यासोबतच होते, हे शेवटचं घर आहे हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

"बरं," ते म्हणाले.

गल्लीच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. ते ओट्यावर आले होते. हातात ते तिसरं ताट होतं, वाढलेलं, आणि मोकळ्या हाताने ते भाकरीवरच्या माशा वारत होते. एक खांदा खाली, मान थोडी पुढे, कुणीतरी बोलतंय आणि ते नीट ऐकू यावं म्हणून वाकल्यासारखे.

त्याच उन्हाळ्यात ते गेले. वही माझ्याकडेच आहे.